बासेलचा फासनाख्त : पहाटे चारचा अंधार आणि बहात्तर तासांचा गजर

स्वित्झर्लंड, फ्रान्स आणि जर्मनी या तीन देशांच्या सीमा जेथे एकमेकींना भिडतात, तेथे ऱ्हाईन नदीच्या दोन्ही तीरांवर बासेल हे शहर वसलेले आहे. औषधनिर्मिती, बँकिंग आणि कलासंग्रहालये यांसाठी ते जगात ओळखले जाते. नोव्हार्टिस आणि रोश या दोन औषध कंपन्यांची मुख्यालये येथेच आहेत. त्यामुळे कामानिमित्त या शहरात येऊन गेलेले मराठी संशोधक आणि संगणक अभियंते अनेक असतील. वर्षातील तीनशे बासष्ट दिवस हे शहर शिस्तशीर आणि शांत असते. उरलेल्या तीन दिवसांत मात्र ते रात्रंदिवस वाजत राहते. या तीन दिवसांच्या उत्सवाला ‘फासनाख्त’ म्हणतात. युनेस्कोने 2017 मध्ये मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या प्रातिनिधिक यादीत त्याचा समावेश केला.

युरोपात सुटीवर जाणाऱ्या मराठी कुटुंबांच्या यादीत हा उत्सव सहसा नसतो. तो ऐन थंडीत येतो, त्याचा मुख्य सोहळा पहाटे चार वाजता होतो आणि त्याची भाषा जर्मन जाणणाऱ्यालाही सहज कळत नाही. तरीही ढोल-ताशांच्या नादावर वाढलेल्या माणसाने एकदा तरी अनुभवावा असा हा सोहळा आहे. त्याचा इतिहास, त्याचे अलिखित नियम आणि तेथे जाताना घ्यावयाची काळजी यांची माहिती या लेखात एकत्र दिली आहे.

तिथी कशी ठरते

ख्रिस्ती परंपरेत ईस्टरपूर्वीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ ‘ॲश वेन्सडे’ या बुधवारी सुरू होतो. उपवासापूर्वी मनसोक्त खाऊन-पिऊन, सोंगे घेऊन मौज करावी, ही युरोपातील कार्निव्हलची मूळ कल्पना. म्हणूनच व्हेनिस, कोलोन किंवा दक्षिण अमेरिकेतील रिओ येथील कार्निव्हल त्या बुधवारपर्यंत आटोपतात. बासेलचा उत्सव मात्र त्यानंतरच्या सोमवारी सुरू होतो. म्हणजे इतर जग उपवासाला बसले की बासेलकर रस्त्यावर उतरतात.

याचे प्रचलित स्पष्टीकरण असे : सन 1091 मध्ये बेनेव्हेन्तो येथील धर्मसभेने उपवासाच्या चाळीस दिवसांतून रविवार वगळले. त्यामुळे उपवासाचा आरंभ सहा दिवस अलीकडे आला. बासेल आणि आसपासच्या काही भागांनी जुनीच गणना चालू ठेवली. पुढे 1529 मध्ये शहराने प्रोटेस्टंट पंथ स्वीकारला. तेथे उपवासाचे बंधन उरले नाही, तरी उत्सव टिकला. मूळ धार्मिक कारण मागे पडून लोकोत्सव शिल्लक राहिल्याची उदाहरणे आपल्याकडेही कमी नाहीत.

ईस्टरच्या रविवारापासून एक्केचाळीस दिवस मागे गेले की फासनाख्तचा सोमवार मिळतो. या हिशेबाने 2027 मध्ये हा उत्सव 15 ते 17 फेब्रुवारी, 2028 मध्ये 6 ते 8 मार्च आणि 2029 मध्ये 19 ते 21 फेब्रुवारी या दिवसांत येईल. आपला शिमगाही साधारण याच ऋतूत येतो. सरत्या थंडीत गोंगाट करणे, सोंगे काढणे, एरवी बोलता येत नाही ते उघड बोलून घेणे, ही गरज कोकणातील वाडीला आणि ऱ्हाईनकाठच्या शहराला एकाच सुमारास वाटते, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

इतिहासाच्या नोंदी

18 ऑक्टोबर 1356 रोजी झालेल्या भूकंपाने बासेल उद्ध्वस्त केले आणि शहराची जुनी दप्तरे नष्ट झाली. त्यामुळे फासनाख्तचा प्रारंभ नेमका केव्हा झाला हे सांगता येत नाही. जी आद्य नोंद उपलब्ध आहे ती आनंदाची नाही. 1376 मध्ये ऑस्ट्रियाचा ड्यूक तिसरा लिओपोल्ड याने उत्सवकाळात शहरात सरदारांच्या द्वंद्वक्रीडा भरवल्या. नागरिक आणि सरदार यांच्यात दंगल उसळली आणि काही सरदार मारले गेले. त्याची शिक्षा म्हणून अनेकांचा शिरच्छेद झाला आणि शहरावर साम्राज्याचा बहिष्कार पडला. ही घटना ‘दुष्ट फासनाख्त’ या नावाने इतिहासात राहिली.

त्यानंतरच्या शतकांत राज्यकर्त्यांनी या उत्सवावर वेळोवेळी बंदी घातली, परंतु तो पूर्णपणे कधीच थांबला नाही. व्यावसायिक संघांच्या सशस्त्र संचलनांतून आणि स्विस भाडोत्री सैनिकांच्या परंपरेतून ढोल आणि पावा ही वाद्ये त्यात आली. एकोणिसाव्या शतकात पहाटेच्या मिरवणुकीला आजचे रूप मिळाले. उघड्या मशालींमुळे दाट वस्तीत आगीचा धोका असे. मशालींवर बंदी आली तेव्हा त्यांची जागा चित्रांनी सजवलेल्या कंदिलांनी घेतली. सुरक्षिततेसाठी घातलेल्या निर्बंधातून या उत्सवाची सर्वांत देखणी कला जन्माला आली. 1910 मध्ये स्थापन झालेली ‘फासनाख्त्स-कोमिते’ ही समिती तेव्हापासून दिवसाच्या मिरवणुकांची व्यवस्था पाहते.

अलीकडच्या काळातील मोठा खंड 2020 मध्ये पडला. 28 फेब्रुवारी रोजी स्विस सरकारने करोना साथीमुळे हजारांहून अधिक लोकांच्या कार्यक्रमांना बंदी केली. उत्सव अवघ्या तीन दिवसांवर, 2 मार्चला, सुरू व्हायचा होता. कंदील रंगून तयार होते, मुखवटे वाळले होते. तरीही शहराने तो रद्द केला. पुढील वर्षीही तो झाला नाही.

मॉर्गेश्ट्राइख : पहाटेचे चार ठोके

उत्सवाचा आरंभ ज्या मिरवणुकीने होतो तिला ‘मॉर्गेश्ट्राइख’ म्हणतात. सोमवारी पहाटे तीनपासूनच जुन्या शहराच्या अरुंद गल्ल्या माणसांनी भरू लागतात. स्वित्झर्लंडच्या निरनिराळ्या भागांतून रात्री विशेष रेल्वेगाड्या सोडल्या जातात. सेंट मार्टिनच्या चर्चच्या घड्याळात चार वाजतात आणि त्या क्षणी वीजमंडळ जुन्या शहरातील रस्त्यांचे सारे दिवे मालवते. दुकानांचे फलक आणि खिडक्यांतील दिवेही विझलेले असतात. हजारोंचा जमाव काही क्षण संपूर्ण अंधारात उभा राहतो.

मग प्रत्येक पथकाचा प्रमुख ‘मॉर्गेश्ट्राइख, पुढे चला’ अशा अर्थाची आज्ञा देतो आणि सारी पथके एकाच वेळी एकच धून वाजवू लागतात. उजेड असतो तो केवळ कंदिलांचा. मध्यभागी माणसांच्या खांद्यांवर किंवा चाकांवर चालणारा, दोन पुरुष उंचीचा मोठा कंदील. वादकांच्या डोक्यांवर बांधलेले लहान कंदील. आणि पुढे चालणाऱ्यांच्या हाती काठ्यांवर धरलेले कंदील. दिवाळीचा आकाशकंदील ज्यांच्या घरावर लागत आला आहे त्यांना कागद-कापडातून पाझरणाऱ्या त्या प्रकाशाची ओळख वेगळी करून द्यावी लागणार नाही.

पथकाची रचनाही मराठी माणसाला परिचित वाटेल. पुढे वाट मोकळी करणारे, मग कंदील, मग पावा वाजवणारे, त्यानंतर उंच दंड घेऊन ताल सांभाळणारा प्रमुख आणि अखेरीस ढोलवाले. बासेलचा ढोल कमरेला तिरका लटकवून दोन काठ्यांनी वाजवतात. त्याच्या जलद, दाट आघातांत आपल्या ढोलाच्या घुमाऱ्यापेक्षा ताशाच्या तर्रीशी जवळीक अधिक जाणवते. पावा लहान आणि स्वर अत्यंत तीव्र. या दोन वाद्यांखेरीज पहाटेच्या मिरवणुकीत तिसरे वाद्य नसते आणि ध्वनिक्षेपक तर मुळीच नसतो. लहान मुलांची, प्रौढांची आणि ज्येष्ठांची अशी पथकांची स्वतंत्र दले असतात. वादन शिकण्यासाठी मुले अनेक वर्षे सराव करतात.

तीन दिवसांचा क्रम

पहाटेची मिरवणूक उजाडेपर्यंत चालते. सोमवारी आणि बुधवारी दुपारी दीडपासून मोठ्या मिरवणुका निघतात. त्यांत पथके, वादकांचे ताफे, घोडागाड्या आणि सजवलेले ट्रक नदीच्या दोन्ही तीरांवरील ठरलेल्या मार्गांनी फिरतात. ट्रकांवर ‘वागिस’ नावाची पात्रे असतात : अवाढव्य नाक, गवतासारखे केस, लाकडी खडावा आणि निळा अंगरखा. शेजारच्या अल्सास प्रांतातील शेतकऱ्याचे हे विडंबन आहे. ते प्रेक्षकांना संत्री, मिठाई, फुले देतात आणि संधी मिळताच त्यांच्या डोक्यावर कागदी टिकल्यांचा वर्षाव करतात.

मंगळवार हा मुलांचा आणि ‘गुग्गेन’ वाद्यवृंदांचा दिवस. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि मोठे ढोल घेऊन हे वृंद जाणूनबुजून बेसूर वाजवतात. सुरेल वाजवता येणाऱ्यालाच असे नेटके बेसूर वाजवता येते. मंगळवारी सायंकाळी मार्क्टप्लात्स, बारफ्युसरप्लात्स आणि क्लाराप्लात्स या चौकांत त्यांच्या बैठका रंगतात. कानांची खरी परीक्षा येथे होते. सोमवार सायंकाळपासून बुधवार सकाळपर्यंत सर्व मोठे कंदील मुख्य चर्चसमोरील म्युन्स्टरप्लात्सवर मांडलेले असतात. ज्यांना गर्दी सोसत नाही त्यांनी निदान हे प्रदर्शन पाहावे.

प्रत्येक पथक दरवर्षी एक विषय निवडते आणि त्यावर कंदील, वेशभूषा आणि पद्यमय पत्रके तयार करते. महापालिकेचा कारभार, बँका, जागतिक नेते, औषध कंपन्या, कोणीही त्यातून सुटत नाही. सायंकाळी उपाहारगृहांतून ‘श्निट्सेलबांक’ गायक फिरतात. एकेका चित्रफलकाकडे बोट दाखवून ते चालू घडामोडींवर बोचऱ्या कडव्यांतून भाष्य करतात. भारुडातील सोंग आणि वगातील सोंगाड्या यांचे काम तेथे ते करतात. हे सारे बासेलच्या बोलीत असते. ती समजली नाही तरी श्रोत्यांच्या हशावरून नेम कोणावर लागला हे बहुधा कळते.

गुरुवारी पहाटे चार वाजता, म्हणजे आरंभापासून बरोबर बहात्तर तासांनी, सारे वादन थांबते. एक आणखी धून वाजवावी असा मोह कोणी धरत नाही. स्वच्छता कर्मचारी कागदी टिकल्यांचे ढीग उचलू लागतात आणि काही तासांत कार्यालये नेहमीप्रमाणे सुरू होतात.

पाहुण्याने पाळावयाचे नियम

या उत्सवाचे नियम कोठे फलकावर लिहिलेले नसतात, परंतु ते काटेकोरपणे पाळले जातात.

पहिला नियम : प्रेक्षकाने सोंग घेऊ नये. चेहरा रंगवणे, विनोदी टोप्या घालणे येथे अशिष्ट समजले जाते. सोंग घेणारा पूर्ण मुखवट्याआड असतो आणि पाहणारा साध्या कपड्यांत, अशी स्पष्ट विभागणी आहे.

दुसरा नियम : ‘ब्लागेडे’ नावाचे धातूचे पदक विकत घेऊन कोटावर लावावे. ते तांबे, चांदी, सोने अशा श्रेणींत मिळते आणि रस्त्यावर पथकांचे सदस्यच विकतात. त्यातून मिळणारा पैसा पथकांना साहाय्य म्हणून जातो. पदक न लावणाऱ्याच्या सदऱ्यात कागदी टिकल्या कोंबल्या गेल्यास तक्रार करण्यात अर्थ नसतो.

तिसरा नियम : पहाटेच्या मिरवणुकीत फ्लॅश वापरू नये. हजारो लोकांनी जपलेला अंधार एका भ्रमणध्वनीच्या दिव्याने विरतो. चौथा नियम : पथकाच्या वाटेत येऊ नये आणि पथक चिरून पलीकडे जाऊ नये. त्याच्या मागोमाग मात्र त्याच संथ गतीने चालता येते. तोच हा सोहळा अनुभवण्याचा उत्तम मार्ग आहे. पाचवा नियम : कागदी टिकल्या एकाच रंगाच्या असाव्यात. मिश्र रंगाच्या टिकल्या म्हणजे जमिनीवरून उचललेल्या, असा अर्थ होतो.

कान, थंडी आणि भूक

अरुंद दगडी गल्ल्यांत पाव्याचा आणि ढोलाचा आवाज भिंतींवर आदळून वाढतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा आणि आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबल आवाजात दिवसाला आठ तासांपेक्षा अधिक काळ राहू नये आणि दर 3 डेसिबल वाढीमागे ही मर्यादा निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला ती केवळ पंधरा मिनिटे उरते. म्हणून प्रौढांनी कानांत बोळे आणि लहान मुलांनी कान पूर्ण झाकणारी आच्छादने वापरावीत. तान्ह्या बाळाला पहाटेच्या गर्दीत नेऊ नये. दिवे गेल्यावर मुले घाबरण्याचा संभव असतो. काय होणार आहे हे त्यांना आदल्या दिवशी सांगून ठेवल्यास भीतीची जागा उत्सुकता घेते.

भारतातून आलेले आई-वडील बरोबर असतील तर त्यांना पहाटेच्या गर्दीत तीन तास उभे करण्यापेक्षा दुपारची मिरवणूक आणि कंदिलांचे प्रदर्शन दाखवावे. पहाटेचे तापमान शून्याच्या आसपास असू शकते आणि फरसबंदी दगडांवर पाय लवकर गारठतात. जुन्या शहरातील हॉटेलात उतरल्यास तिन्ही रात्री झोप मिळणार नाही हे गृहीत धरावे. ज्यांना झोप हवी त्यांनी मध्यवस्तीपासून दूर राहावे. शहरातील हॉटेलांत उतरणाऱ्या पाहुण्यांना ‘बासेलकार्ड’ मिळते आणि त्यावर सार्वजनिक वाहनांचा प्रवास विनामूल्य असतो. मात्र उत्सवाच्या दिवसांत मध्यवस्तीतील ट्रामचे मार्ग बदललेले असतात.

पहाटे उपाहारगृहांत भाजलेल्या पिठाचे सूप आणि कांद्याचा किंवा चीजचा भाजलेला चपटा पाय खाण्याची प्रथा आहे. शाकाहारी वाचकांनी सावध असावे : सूप बहुधा गोमांसाच्या अर्कात केलेले असते आणि कांद्याच्या पायमध्ये डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात. विचारल्यावर नीट उत्तर मिळते. चीजचा पाय आणि या हंगामात मिळणारा शहाजिऱ्याचा पाव त्यामानाने निर्धोक, तरी घटक विचारून घेणे बरे.

स्वित्झर्लंड शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे ब्रिटन, आखाती देश किंवा अमेरिकेत राहणाऱ्या भारतीय पारपत्रधारकांना शेंगेन व्हिसा लागतो. बासेलचा विमानतळ फ्रान्सच्या भूमीवर असून तेथे स्विस आणि फ्रेंच असे दोन वेगळे दरवाजे आहेत. शहराकडे जाण्यासाठी स्विस दरवाजाने बाहेर पडावे. सोमवारी रजा मिळत नसेल तर आणखी एक मार्ग आहे. उत्सवानंतरच्या तीन रविवारी पथके सहलीहून परतताना सायंकाळी फ्रायेश्ट्रासे या रस्त्यावरून मुखवट्यांविना वाजवत जातात. संगीत तेच, गर्दी पुष्कळ कमी.

विडंबनाची दुसरी बाजू

जेथे कोणाचीही थट्टा करण्याची मुभा असते तेथे ती कधी दुर्बलांवरही उलटते. 2018 मध्ये एका वाद्यवृंदाचे नाव आणि बोधचिन्ह कृष्णवर्णीयांचा अवमान करणारे असल्याची टीका झाली आणि शहरात मोठा वाद पेटला. परंपरेचा अभिमान बाळगणारे मोठ्या संख्येने वृंदाच्या पाठीशी उभे राहिले, तर इतरांनी काळ बदलल्याची जाणीव करून दिली. परदेशी वर्णाच्या पाहुण्याला एखादा मुखवटा किंवा वेश आजही खटकू शकतो. तसे झाल्यास ती आपली अरसिकता मानण्याचे कारण नाही. सत्ताधाऱ्याची टोपी उडवणे आणि परक्याच्या रंगरूपाला हसणे यांतील भेद हा केवळ बासेलचा प्रश्न नाही. आपल्या शिमग्यातील शिव्यांचा रोख कोणाकडे असतो, हेही त्या निमित्ताने आठवून पाहावे.

गोंगाटाची मर्यादा

परदेशात गणेशोत्सवाची मिरवणूक काढणाऱ्या मराठी मंडळांना ढोल-ताशांच्या परवानगीसाठी स्थानिक प्रशासनाशी बोलावे लागते आणि शेजाऱ्यांच्या तक्रारींना उत्तर द्यावे लागते. महाराष्ट्रातही विसर्जनाच्या आवाजाचा वाद न्यायालयांपर्यंत गेला आहे. या वादात एक बाजू गोंगाट म्हणजे परंपरा असे म्हणते आणि दुसरी गोंगाट म्हणजे उपद्रव असे म्हणते.

बासेलचे उदाहरण या दोहोंच्या मध्ये उभे आहे. तेथील आवाज आपल्यापेक्षा सौम्य आहे असे मुळीच नाही. परंतु तो माणसाच्या हातातून आणि फुफ्फुसातून निघतो, यंत्रातून नव्हे. त्यामुळे वादक थकला की आवाजही विसावतो. त्याचा प्रारंभ आणि शेवट घड्याळाच्या ठोक्यावर ठरलेला असतो. ज्यांना तो नको आहे त्यांना तो केव्हा संपेल हे वर्षभर आधी ठाऊक असते. अंधारासाठी वीजमंडळ, रात्रीच्या गाड्यांसाठी रेल्वे आणि स्वच्छतेसाठी नगरपालिका असे सारे शहर त्यात सहभागी असते. मुख्य म्हणजे तो गजर शांततेच्या काही क्षणांनंतर सुरू होतो.

वेळेची हमी, हाताने वाजणारी वाद्ये आणि शेजाऱ्यांना आधीच दिलेली सूचना : परवानगीचा अर्ज लिहिणाऱ्या मंडळांनी बासेलकडून घ्याव्यात अशा या तीन गोष्टी आहेत. पाहुणा म्हणून जाणाऱ्याने मात्र इतकेच करावे : पदक विकत घ्यावे, कानांत बोळे घालावेत, चारला दहा मिनिटे असताना एखाद्या गल्लीच्या तोंडाशी उभे राहावे आणि भ्रमणध्वनी खिशात ठेवावा.